सूप नको म्हणणारा पाद्री

या माणसाचा मला आधी रागच आला होता.

बाहेर चिखल, आत ओल, पोरांच्या अंगावर धड कपडे नाहीत, आणि १९५६ मध्ये फ्रान्समधल्या एका बेघर छावणीत नवा आलेला हा फादर जोसेफ व्रेसिन्स्की म्हणतो, सूपवाटप बंद करा. जुन्या कपड्यांचे ढीग इथं आणून ओतू नका. अरे बाबा, तुला कोणी विचारलं? ज्याचं पोट रिकामं आहे त्याला ठरवू दे ना, सूप हवं की नको ते. भरल्या पोटी तत्त्वं सुचतात, असं आमची आजी म्हणायची, आणि हे वाचताना मला आजीच आठवली.

हा भरल्या पोटाचा नव्हता, हे मला पुढे कळलं. पण राग खरा होता. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसले.

या फादरची आणि माझी गाठ पडली ती पायाखाली. भाचा पॅरिसला नोकरीला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्यानं पहिल्याच रविवारी मला त्रोकादेरोला नेलं. आयफेल टॉवर बघायची ती हुकमी जागा. मोठं दगडी पटांगण, दोन्ही बाजूंना शायो राजवाड्याचे पंख, आणि कठड्याशी जगभरातली माणसं टॉवरकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत उभी. मीही त्यातलीच. फोन उंच धरून मागेमागे सरकत होते.

"मावशी, पाय काढ."

खाली पाहिलं तर मी अक्षरांवर उभी. फरशीतच बसवलेली एक संगमरवरी शिळा, वर फ्रेंच मजकूर. भाच्यानं वाचून दाखवलं आणि अडखळत मराठी केलं: जिथं माणसांना दारिद्र्यात जगण्याची शिक्षा होते, तिथं मानवी हक्कांची पायमल्ली होते, त्या हक्कांचा मान राखला जावा म्हणून एकत्र येणं हे पवित्र कर्तव्य आहे.

पायमल्ली हा शब्द त्यानं सहज वापरला. माझे दोन्ही पाय अजून त्याच ओळीवर होते.

"आणि 'शिक्षा' कशाला म्हणतोस? दारिद्र्यात जगावं लागतं, असं म्हण की."

"नाही गं. शब्दच तसा आहे. कोर्टात शिक्षा ठोठावतात ना, तोच."

शिळेवर तारीख होती, १७ ऑक्टोबर १९८७, आणि एक नाव, फादर जोसेफ व्रेसिन्स्की. भाच्याला यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. आम्ही फोटो काढले, क्रेप खाल्ले, घरी आलो. नाव मात्र डोक्यात राहिलं. फ्रान्समधल्या पाद्र्याचं आडनाव पोलिश कसं, एवढ्याच कुतूहलानं मी वाचायला लागले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या सूपवाटपापाशी येऊन अडकले.

त्यासाठी आधी १९५४ च्या हिवाळ्यात जायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची इतकी टंचाई होती की कामधंदा असलेली माणसंही रस्त्यावर झोपत. त्या जानेवारीच्या अखेरीला पॅरिसच्या बुलेव्हार सेबास्तोपोलवर एक बाई रात्री गारठून मेली. तिच्या हातात घट्ट धरलेला कागद सापडला. दोन दिवसांपूर्वी तिला घराबाहेर काढण्याचा जो हुकूम निघाला होता, तो. १ फेब्रुवारीला आबे प्येर नावाच्या धर्मगुरूनं रेडिओवरून हाक दिली, आणि सगळा देश जणू कपाटं उघडून धावला. ब्लँकेटं, स्टोव्ह, पैसे, अंगठ्या. (हाच आबे प्येर पुढे कित्येक वर्षं फ्रान्सचा सगळ्यात लाडका माणूस होता. २०२४ मध्ये त्यानंच उभ्या केलेल्या चळवळीनं त्याच्याविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या साक्षी जाहीर केल्या. तो तेव्हा हयात नव्हता. संतांचे पुतळे जरा जपूनच उभारावेत.)

त्या पैशांतून पॅरिसच्या पूर्वेला, न्वाझी-ल-ग्राँ इथं, बेघर कुटुंबांसाठी तात्पुरती छावणी झाली. आधी तंबू, मग 'इग्लू'. नाव गोड आहे. मोठं पिंप उभं चिरून त्याचा अर्धा भाग जमिनीवर पालथा घालावा, तशी फायब्रो-सिमेंटची, म्हणजे अॅस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटच्या पत्र्याची, कमानदार खोपटी. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ, आणि पाण्याला साऱ्या वस्तीत मोजके नळ. अशा खोपट्यांत २५२ कुटुंबं राहत होती. तात्पुरती म्हणून बांधलेली ती छावणी हटायला सत्तरचं दशक उजाडलं. 'तात्पुरतं' या शब्दाचं आयुष्य किती असतं, हे संक्रमण शिबिरात जन्मलेल्या कुणालाही विचारा.

१४ जुलै १९५६ ला, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, हा ३९ वर्षांचा फादर तिथं पोचला. बिशपनं सुचवलं म्हणून बघायला आला होता. भर उन्हात वस्ती चिडीचूप, बाहेर कुणी नाही. देशभर बँड वाजत असताना इथं कोणाला कसलाच सण नव्हता. त्यानं पुढे सांगून ठेवलंय की आपण आपल्याच माणसांत येऊन पडलोय, हे त्याला त्या पहिल्या दिवशीच कळलं. तो राहिला. त्यातल्याच एका इग्लूत राहिला.

आणि मग सूप बंद.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सकाळी गाडी येते, बायका भांडी घेऊन रांगेत उभ्या राहतात. नवरे बाहेर येत नाहीत, कारण बायकोला रांगेत उभं पाहवत नाही. पोरं आईला हात पसरताना बघतात. दुपारी दुसरी गाडी येते, कपड्यांची. मग भांडणं होतात, कोणाला कोट मिळाला आणि कोणाला नाही. गाडीवाले म्हणतात, बघा, किती भांडकुदळ लोक आहेत. संध्याकाळी सगळे परत जातात, आणि वस्तीत राहणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्यांतल्या कुणाला ठाऊक नसतं.

मग त्यानं आणलं काय? वाचनालय आणलं. बालवाडी आणली. कपडे धुवायची सोय केली, काम शिकायला कारखाना काढला. आणि बायकांसाठी चक्क ब्युटी पार्लर. इथं मी वाचायची थांबले आणि मोठ्यानं हसले. चिखलात पार्लर! मग हसू जरा वेळानं विरलं, कारण एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढे सांगते.

प्रार्थनेसाठी त्यानं एक इग्लूच घेतलं आणि त्याच्या खिडक्यांसाठी रंगीत काचा करून घेतल्या झाँ बाझेन या नावाजलेल्या चित्रकाराकडून. त्या अॅस्बेस्टॉसच्या कमानीला खऱ्या कलावंताच्या काचा. 'गरिबांना काय, चालतं कसंही' या वाक्याला याहून चोख उत्तर मी पाहिलेलं नाही. वस्ती गेली, ते चॅपेल मात्र जपलं गेलं, आणि २०१६ मध्ये फ्रान्स सरकारनं ते ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत घातलं.

पाद्री म्हटला की आपल्याकडे संभाषणाची गाडी लगेच धर्मांतराच्या फाट्यावर वळते, म्हणून सांगून ठेवते. यानं उभ्या केलेल्या चळवळीत कार्यकर्ता व्हायला ख्रिस्ती असण्याची अट नव्हती आणि नाही. देव मानणारे, न मानणारे, सगळे आले. तो स्वतः मात्र हाडाचा पाद्री होता. गरीब हेच चर्च, असं तो म्हणे, आणि हे चर्चमधल्या बड्यांना ऐकायला फार सुखाचं नसणार.

आता पोट भरलेलं होतं की नव्हतं ते बघू.

जोसेफचा जन्म १२ फेब्रुवारी १९१७ चा, आँजे शहरातला, तोही नजरकैदेत. वडील पोलिश, पण पोझनानचे, म्हणजे त्या काळी जर्मन पासपोर्टवाले. आई स्पॅनिश. पहिलं महायुद्ध चालू, त्यामुळे फ्रान्सच्या दृष्टीनं हे शत्रूराष्ट्राचे नागरिक. युद्ध संपलं, सुटका झाली, गरिबीतून मात्र झाली नाही. वडिलांना धड काम मिळेना. ते घरात आरडाओरडा करत, आईवर हात टाकत, आणि शेवटी कामाच्या शोधात पोलंडला गेले ते कुटुंबात परतले नाहीत. त्या आरडाओरड्याबद्दल पुढे या मुलानं लिहिलं की तो अपमान झालेल्या माणसाचा आवाज होता. हे म्हणणं मला अर्धंच पटतं. अपमान बायकांचाही होतो, त्या कुठं कुणाला मारत सुटतात? पण बापाला समजून घ्यायची त्याची धडपड मात्र खरी वाटते.

आई चार मुलांना घेऊन राहिली. जवळच नन्सचा मठ होता. पाच वर्षांच्या आसपासचा जोसेफ पहाटे उठून तिथं जायचा, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या, वेळी फादरच्या हाताखाली उभा राहायचा, घंटी वाजवायचा. बदल्यात दूध घातलेल्या कॉफीचा मोठा वाडगा, पाव, आणि आठवड्याला दोन फ्रँक. हिवाळ्यातल्या काळोख्या सकाळी, अर्धवट झोपेत. ते दोन फ्रँक घरखर्चात धरलेले असत. म्हणजे लोक ज्याला सेवा म्हणतात ती त्यानं नोकरी म्हणून सुरू केली होती.

याच काळातली आणखी एक गोष्ट आहे. दानधर्म करणाऱ्या मंडळींनी आईला सुचवलं, तुम्हाला झेपत नाही, हा मुलगा अनाथाश्रमात द्या. चांगला होता तो आश्रम, नावाजलेला. आई नाही म्हणाली.

आई असताना अनाथाश्रम. सुचवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसणार. एक तोंड कमी होईल, मुलाचं शिक्षण होईल, हिशेब बरोबरच होता. फक्त त्या हिशेबात आई ही बाब गरिबीच्या रकान्यात गेली होती, आईच्या रकान्यात नव्हती.

पुढे तो केक-पेस्ट्रीच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागला, तरुण कामगारांच्या ख्रिस्ती संघटनेत गेला, आणि बऱ्याच उशिरा, आपल्याहून लहान पोरांच्या बाकावर बसून, सेमिनरीचा, म्हणजे पाद्री होण्याचा, अभ्यास केला. १९४६ मध्ये सोआसाँच्या धर्मप्रांतात फादर झाला. दहा वर्षं कामगारांच्या आणि खेड्यांतल्या पॅरिशमध्ये काढली. मग न्वाझी.

एवढं वाचून माझा राग थोडा खाली आला. सूप नको म्हणणारा हा माणूस सूप प्यालेला होता. त्याच्या आईनं 'आभारी आहे' किती वेळा म्हटलं असेल ते त्यानं मोजलेलं होतं.

आता ती माझी गोष्ट.

सात-आठ वर्षं झाली असतील. डिसेंबरची कडाक्याची थंडी होती. आम्ही आठजणींनी पैसे जमवले, घाऊक बाजारातून ब्लँकेटं आणली आणि शहराबाहेर एका मोठ्या बांधकामामागे मजुरांची पालं पडली होती तिथं वाटायला गेलो. एक मैत्रीण यादी करत होती, एक फोटो काढत होती, मी गाडीच्या डिकीतून ब्लँकेटं काढून देत होते. रांग लावली होती. रांगेशिवाय आम्हाला काही सुचतच नाही. एका बाईनं आपली वेळ आली तशी मुलीला मागं ओढलं, बादलीत हात बुडवून तिचे केस बसवले, ओल्या पदरानं तोंड पुसलं आणि मग तिला पुढे केलं. फोटोसाठी. न्वाझीच्या पार्लरवर हसताना मला आठवली ती ही बाई.

ब्लँकेट घेतल्यावर ती गेली नाही. म्हणाली, "ताई, बसा की. चहा टाकते."

तीन विटांच्या चुलीवर तिनं पातेलं ठेवलंसुद्धा.

"नको नको," मी म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेता? आम्हाला अजून दोन ठिकाणी जायचंय."

तिनं पातेलं उतरवलं. काही बोलली नाही.

आम्हाला कुठंही जायचं नव्हतं. ब्लँकेटं संपली होती. परतताना आम्ही हायवेवरच्या हॉटेलात थांबलो आणि तिथं चहा प्यायलो, सोबत भजी.

तेव्हा मी नाही का म्हणाले? पातेलं कळकट होतं म्हणून? तिचं दूध संपेल म्हणून? मी स्वतःला दुसरं कारण सांगत आले. पण तिला त्या क्षणी काय दिसलं असेल, हे मला त्या पाद्र्याबद्दल वाचेपर्यंत सुचलंच नव्हतं. माझ्याकडून घेणारी म्हणून ती मला चालत होती. तिच्याकडून घ्यायला मी तयार नव्हते.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. त्या ब्लँकेटानं थंडी तर भागली. भागलीच की. म्हणून तर माझं या फादरशी अजून भांडण आहे. १९५६ च्या त्या पहिल्या हिवाळ्यात, सूप बंद झाल्यावर आणि कारखान्याची पहिली मजुरी हातात येण्याआधी, जी काही संध्याकाळ गेली असेल, त्या संध्याकाळी कोणा आईनं त्याला शिव्या दिल्या असतील तर मी तिच्या बाजूनं आहे. प्रतिष्ठा हा शब्द मोठा आहे, पण तो पातेल्यात शिजत नाही.

मात्र एक गैरसमज माझा मीच दूर केला. हा माणूस गरिबांच्या हातात पैसा पडू नये अशा मताचा मुळीच नव्हता. उलट. कुणाच्या मर्जीनं मिळणारं सूप त्याला नको होतं. ज्यासाठी कुणाचे आभार मानावे लागत नाहीत असं काहीतरी हवं होतं. त्याला तीस वर्षं लागली.

आधी संस्था. १९५७ मध्ये वस्तीतल्याच कुटुंबांना घेऊन त्यानं संस्था काढली, तर सरकारनं ती अडवली, कारण संस्थापकांत काहींची नावं पोलिसांच्या दप्तरात होती. गरीब वस्तीत पोलिसांच्या दप्तरात नाव नसलेली माणसं शोधायची म्हणजे बाहेरूनच आणावी लागणार. तशी आणली. त्यातून पुढे एटीडी कार मोंद ही चळवळ उभी राहिली. (एटीडी हे मुळात 'प्रत्येक संकटात मदत' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचं लघुरूप. कार म्हणजे चौथा, मोंद म्हणजे जग. मोटारीशी संबंध नाही.) चौथं जग हे नाव त्यानं १९६९ च्या सुमाराला घेतलं ते थेट फ्रेंच राज्यक्रांतीतून. १७८९ मध्ये राजानं धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता अशा तीन वर्गांची सभा बोलावली, तेव्हा दुफुर्नी द व्हिलिए नावाच्या गृहस्थानं पत्रक काढून विचारलं होतं, की रोजंदारीवाले, अपंग, कंगाल यांच्या वतीनं सभेत कोण बोलणार? हा चौथा वर्ग कुठं आहे? तो प्रश्न विरून गेला होता. या फादरनं तो उचलला आणि शिवी ऐकायची सवय झालेल्या माणसांना एक नाव दिलं, ज्याला इतिहास होता.

१९५८ मध्ये छावणीत एक बाई आल्या. जनव्हिएव्ह द गोल-आंतोनिओझ, जनरल द गोल यांची पुतणी. युद्धात नाझींविरुद्ध भूमिगत काम केलेली, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून वाचलेली. त्या चिखलातून चालताना लोकांच्या चेहऱ्यांवर त्यांना जे दिसलं, ते त्यांनी राव्हेन्सब्रुकमध्ये आपल्या सोबतिणींच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं. त्या मंत्रालयातलं काम सोडून इकडेच आल्या, आणि १९६४ पासून १९९८ पर्यंत फ्रान्समधल्या संस्थेच्या अध्यक्ष राहिल्या. हे मी वाचलं तेव्हा शिळेवरचा तो 'शिक्षा' शब्द मला पटला. भाचा बरोबर होता.

या चळवळीतली मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र अगदी साधी आहे. वह्या. पूर्णवेळ कार्यकर्त्यानं दिवसभरात वस्तीत काय पाहिलं, कोण काय बोललं, ते रोज लिहून ठेवायचं. अहवाल म्हणून नव्हे; अमुक बाईनं आज पोराला शाळेत सोडताना हे म्हटलं, अमुक माणूस आज दारात नुसता उभा होता, असं. गरिबांचा इतिहास कुठं सापडतो? पोलीस ठाण्यात, इस्पितळात, कोर्टाच्या बेलिफाकडे. म्हणजे ज्यांनी त्यांना पकडलं, तपासलं किंवा घराबाहेर काढलं त्यांच्या अक्षरात. ती बुलेव्हारवरची बाईसुद्धा आपल्याला माहीत आहे ती हातातल्या कागदामुळे, आणि तो कागदही बेलिफाचाच. त्या वह्या आज पॅरिसच्या उत्तरेला बाय्ये-आँ-फ्राँस इथल्या केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

मग शहरातल्या वस्त्यांमध्ये रस्त्यावरची वाचनालयं. हे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर सुरू झालं. पद्धत अशी की आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पुस्तकांची टोपली घेऊन जायचं आणि इमारतीच्या जिन्यापाशी किंवा फुटपाथवर सतरंजी टाकून बसायचं. पाऊस असो, एकही मूल न येवो. पुढच्या आठवड्यात परत त्याच जागी. पुस्तकांपेक्षा मला त्यातलं 'परत' महत्त्वाचं वाटतं. आमची ब्लँकेटांची डिकी त्या पालांवर परत कधी गेली नाही.

१९७२ पासून पॅरिसमध्ये त्यांचं लोकविद्यापीठ भरतं. त्यात अत्यंत गरिबीत राहणारी माणसं आपापल्या वस्तीत आधी विषयाची तयारी करतात आणि सभेत बोलतात. बोलावलेले तज्ज्ञ आधी ऐकतात. तज्ज्ञांनी ऐकायचं, हीच मुळात अभ्यासक्रमातली अवघड बाब असावी.

१९७९ मध्ये व्रेसिन्स्कीला फ्रान्सच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेवर नेमलं, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याचा अत्यंत गरिबीवरचा अहवाल परिषदेनं मंजूर केला. त्यातली व्याख्या मी दोनदा वाचली. माणसाला जबाबदाऱ्या पेलायला आणि हक्क उपभोगायला काही आधार लागतात: काम, घर, तब्येत, शिक्षण, कागदपत्रं. त्यातला एखादा सुटला की जगणं डळमळतं. अनेक एकदम सुटले आणि तसेच राहिले, की माणूस ते स्वतःच्या बळावर परत मिळवूच शकत नाही. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून घर नाही. हा फेरा वस्तीतल्या कोणत्याही बाईनं एका दमात सांगितला असता. फरक इतकाच की या वेळी तो सरकारी राजपत्रात छापून आला. १ डिसेंबर १९८८ ला फ्रान्समध्ये किमान उत्पन्नाचा कायदा झाला, आणि त्यामागे या अहवालाचा मोठा हात होता. सूप बंद करणाऱ्या माणसाच्या हिशेबाची दुसरी बाजू ही.

तो कायदा बघायला तो नव्हता. १७ ऑक्टोबर १९८७ ला त्रोकादेरोवर एक लाख माणसं जमली आणि ती शिळा बसवली. शेजारच्या शायो राजवाड्यातच १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला होता, म्हणून जागा ती निवडली. चार महिन्यांनी, १४ फेब्रुवारी १९८८ ला, वयाची ७१ वर्षं नुकतीच पुरी करून तो गेला. जनव्हिएव्हबाईही गेल्या त्या १४ फेब्रुवारीलाच, २००२ मध्ये. १७ ऑक्टोबर हा दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं १९९२ मध्ये मान्य केला. असे दिवस कॅलेंडरात पुष्कळ असतात. मी या दिवसाला कधी कुणाला फुलं वाहताना पाहिलं नाही, आणि ते बरंच आहे.

त्याच्या मागे चळवळ थंडावली नाही. 'दीर्घकाळ बेरोजगार कोणी नाही' असे विभाग करण्याची कल्पना यांनीच पुढे रेटली, आणि २०१६ च्या कायद्यानं फ्रान्समध्ये दहा ठिकाणी प्रयोग सुरू झाला. काही खेडी होती, तर काही शहरी वस्त्या, जसा पॅरिसच्या तेराव्या विभागातला एक भाग. आणि २०१९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर त्यांनी बांगलादेश, बोलिव्हिया, फ्रान्स, टांझानिया, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गरिबीत जगणारी माणसं संशोधक म्हणूनच बसली होती. गरिबीचे नऊ पदर त्यांनी मांडले. कमी उत्पन्न, धड काम नसणं हे अपेक्षितच. पण त्याच यादीत समाजाकडून आणि सरकारी खिडक्यांवर मिळणारी वागणूक आहे. आणि आणखी एक आहे: आम्ही जे देतो त्याची कुणी नोंद घेत नाही.

ते वाचताना मला उतरवलेलं पातेलं दिसलं.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी भाच्याला म्हटलं, पुन्हा तिथं जाऊ. या वेळी टॉवर नको, शिळा नीट बघू. संध्याकाळ होती. शिळेच्या आसपास काळी तरुण पोरं जमिनीवर पांढऱ्या चादरी पसरून पितळी रंगाचे छोटे आयफेल टॉवर विकत होती. एका युरोला पाच. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि त्या दोऱ्या एका हातात धरलेल्या. दोऱ्या कशाला, हे मला लगेचच कळलं. कुणीतरी शीळ घातली, पोरानं दोऱ्या ओढल्या, चादरीचं गाठोडं झालं, पाठीवर गेलं आणि तो पटांगण ओलांडून जिन्याकडे पळाला. मागून दोन पोलीस सायकलवरून सावकाश आले. त्यांना घाई नव्हती.

पळताना गाठोड्यातून एक टॉवर निसटला आणि घरंगळत शिळेवर आला. भाच्यानं उचलला.

"थांबू या," मी म्हणाले. "येईल तो."

अर्धा तास थांबलो. टॉवरवरचे दिवे लागले, सगळे फोन वर झाले, पोलीस दोनदा चक्कर मारून गेले. दुसरी पोरं हळूहळू परत आली, चादरी पसरल्या. तो काही आला नाही. भाच्यानं त्यांतल्या एकाला विचारलं, हा तुमच्या मित्राचा, त्याला द्याल का? त्यानं आमच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि मान हलवली. नको.

तो टॉवर आता माझ्या टेबलावर आहे. एक पाय थोडा वाकलाय, त्यामुळे कागदावर ठेवला की डुगडुगतो. त्याचे वीस सेंट द्यायचे राहिलेत.